उत्तर न देणारं केंद्र

(सांगलीतील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संयोजकांनी विषय विचारला तेव्हा मी सांगितलं, ‘कमांड लाइनवर चालणारा साधा असिंक्रोनस नेटवर्क क्लायंट कसा लिहावा.’ फोनवर पलीकडे जरा वेळ कुणी बोललंच नाही. मग त्यांनी विचारलं, ‘श्रोत्यांमध्ये निवृत्त मंडळी बरीच असतात, त्यांना झेपेल ना?’ म्हटलं, सांगलीच्या श्रोत्यांना हा विषय पुण्या-मुंबईच्या श्रोत्यांपेक्षा लवकर कळेल. ज्या सरांच्या स्मृतीसाठी आपण जमलो आहोत, ते शेवटच्या बाकावरच्या मुलाकडे बघत गणित शिकवायचे. मीही तसाच प्रयत्न करणार आहे. आज पडद्यावर एकही ओळ कोड दाखवणार नाही. सगळं बोलूनच सांगतो.

एका गावाचा रोजचा प्रश्न

जुलै-ऑगस्टमध्ये संततधार लागली की सांगलीत सकाळी उठल्याउठल्या एकच प्रश्न विचारला जातो, ‘आयर्विनला पाणी किती?’ १९२९ सालचा हा पूल म्हणजे या गावाची मोजपट्टी. ४० फूट ही इशारा पातळी, ४५ फूट ही धोका पातळी. हे आकडे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतात. २०१९च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, २००५चा पूर मागे पडला, आणि त्यानंतर या प्रश्नातली चेष्टा कायमची गेली.

पण आयर्विनचा आकडा एकटा पुरत नाही. तो आजचं सांगतो, उद्याचं सांगत नाही. उद्याचं कळायचं तर वर जायला हवं. वाईजवळ धोम, साताऱ्याजवळ वेण्णेवर कण्हेर, मग उरमोडी, तारळी, आणि या सगळ्यांची थोरली बहीण कोयना. ही सगळी धरणं सातारा जिल्ह्यात. कोयना कऱ्हाडला प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते. वारणेचं धरण शिराळा तालुक्यात चांदोलीला, आणि वारणा कृष्णेला येऊन मिळते ती इथे, हरिपूरला. पाऊस साताऱ्यात पडतो आणि पाणी सांगलीत चढतं, म्हणून सांगलीकराला साताऱ्याची चौकशी करावीच लागते. कोयनेचा पूर्ण साठा १०५.२५ टीएमसी. साडेअकरा हजार क्युसेकचा विसर्ग चोवीस तास चालला की साधारण एक टीएमसी पाणी खाली येतं. ही कोष्टकं इथे चहाच्या टपरीवर सोडवली जातात.

म्हणजे खरा प्रश्न सात ठिकाणी विचारायचा आहे: धोम, कण्हेर, उरमोडी, तारळी, कोयना, वारणा आणि आयर्विन. आपला क्लायंट हेच काम करणार. सात ठिकाणी विचारायचं, आलेली उत्तरं छापायची, आणि गप्प व्हायचं.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो. कृष्णा आणि भीमा खोऱ्यांसाठी जलसंपदा विभागानं हायड्रॉलॉजी प्रोजेक्टच्या दुसऱ्या टप्प्यात पाऊस आणि पातळीच्या स्वयंचलित नोंदींची यंत्रणा उभी केली आहे. आज आपण तिला हात लावणार नाही. आपली सात केंद्रं सरावाची आहेत. एकाच संगणकावर चालणारे सात छोटे सर्व्हर, फक्त नावं ओळखीची. तालीम घरात करावी, पुराच्या दिवशी करू नये.

विचारणारा आणि सांगणारा

नेटवर्कवर जो विचारतो तो क्लायंट आणि जो सांगतो तो सर्व्हर. क्लायंटचा बाऊ करण्याचं कारण नाही. कमांड लाइनवर, म्हणजे आज्ञा टाइप करून चालवल्या जाणाऱ्या क्लायंटपैकी जगात खूप वापरला जाणारा एक म्हणजे कर्ल. तो स्वीडनच्या डॅनियल स्टेनबर्ग यांचा. त्यांना गप्पांच्या एका चॅनलवर लोकांना परकीय चलनाचे दर सांगायचे होते, आणि ते दर इंटरनेटवरून आपोआप आणायचे होते. एका ब्राझीलच्या प्रोग्रामरनं लिहिलेलं छोटं साधन त्यांनी हाती घेतलं, त्यात भर घालत गेले, आणि १९९८ साली त्याला कर्ल हे नाव मिळालं. आज ते साधन मोटारींमध्ये, टीव्हींमध्ये आणि फोनमध्ये बसलेलं आहे. सुरुवात मात्र एवढीच होती: एका माणसाला रोज एक आकडा हवा होता. आपल्याला सात हवेत.

क्लायंट आणि सर्व्हर बोलतात ते टीसीपीच्या नियमांनी. व्हिंट सर्फ आणि बॉब कान यांनी त्याची कल्पना १९७४ साली मांडली आणि १९८१च्या सप्टेंबरमध्ये त्याचा नियमग्रंथ प्रसिद्ध झाला. टीसीपी दोन गोष्टींची हमी देतं: पाठवलेले बाइट गाळले जाणार नाहीत आणि त्यांचा क्रम बदलणार नाही. निरोप कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, हे मात्र ते सांगत नाही. नळातून पाणी यावं तसे बाइट येतात. मर्यादा आपणच ठरवायची. आपल्या सात केंद्रांशी आपण ठरवलं आहे की एक प्रश्न म्हणजे एक ओळ, एक उत्तर म्हणजे एक ओळ, आणि ओळ संपल्याची खूण आली की बोलणं संपलं.

एकामागून एक

नवशिका प्रोग्रामर हा क्लायंट सरळ लिहितो, आणि सरळ लिहिण्यात काही गैर नाही. धोमला जोडणी करा, प्रश्न पाठवा, उत्तराची वाट पाहा, छापा. मग कण्हेर. मग उरमोडी. प्रत्येक केंद्राला उत्तर द्यायला दोन सेकंद लागतात असं धरलं तर सात केंद्रांना चौदा सेकंद.

खऱ्या केंद्रांच्या बाबतीत हे दोन सेकंद जातात कुठे? सातारा ते सांगली अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, तेव्हा हे अंतर तो एका मिलिसेकंदाच्या आत कापतो. वेळ खातात ते मधले मुक्काम: डोंगरातला मोबाइल टॉवर, गर्दी झालेली लाइन, केंद्रावरचं हळू चालणारं यंत्र. या दोन सेकंदांत आपल्या संगणकाचा प्रोसेसर चार अब्ज ठोके मोजून मोकळा होतो आणि स्वस्थ बसतो. प्रोसेसर रिकामा बसला म्हणून कुणाचं काही बिघडत नाही. बिघडतं ते पडद्यासमोर बसलेल्या माणसाचं.

चौदा सेकंद सोसता येतील. पण आता पाचव्या क्रमांकावरचं कोयनेचं केंद्र बंद पडलं असं समजा. यंत्राची वीज गेली, तिथून कसलंच उत्तर येत नाही. आपला संगणक जोडणीची विनंती पाठवतो. एक सेकंद थांबतो, पुन्हा पाठवतो. मग दोन सेकंद, मग चार, आठ, सोळा, बत्तीस, चौसष्ट. लिनक्सवर वर्षानुवर्षं चालत आलेल्या नेहमीच्या मांडणीत ही बेरीज १२७ सेकंद होते, आणि तेव्हा कुठे तो हार मानतो. दर वेळी दुप्पट थांबण्यात शहाणपण आहे, गर्दीत भर पडू नये म्हणून ते ठेवलं आहे. पण आपला सगळा हिशोब मात्र १२७ आणि उरलेल्या सहा केंद्रांचे १२, असा १३९ सेकंदांवर जातो. वाईट म्हणजे वारणा आणि आयर्विन रांगेत कोयनेच्या मागे उभे आहेत. आयर्विनचं उत्तर तयार आहे, दोन सेकंदांत मिळणार आहे, पण ते विचारलंच जात नाही, कारण कोयना बोलत नाही.

वाट पाहण्याची व्यवस्था

जिल्हा नियंत्रण कक्षातला अनुभवी कारकून असं कधी वागणार नाही. तो सातही ठिकाणी निरोप धाडून ठेवतो आणि टेबलाशी बसतो. ज्याचं उत्तर आधी येईल ते आधी वहीत लिहितो. माणूस एकच, वही एकच, पण वाट पाहणं सातही ठिकाणचं एकाच वेळी चाललेलं असतं. असिंक्रोनस प्रोग्राम म्हणजे एवढंच. काम वेगानं होत नाही. वाट पाहण्याचे सात वेळ एकमेकांवर पडतात, म्हणून एकूण वेळ बेरजेइतका न होता सर्वांत मोठ्या वेळेइतका होतो. सातही केंद्रं दोन सेकंद घेत असतील तर चौदाऐवजी दोन.

हे करायला संगणकाच्या कार्यप्रणालीला एक प्रश्न विचारता आला पाहिजे: ‘माझ्या या सात जोडण्यांपैकी कोणत्या जोडणीवर काही आलंय?’ ही सोय सिलेक्ट नावानं १९८३ साली बर्कलेच्या युनिक्समध्ये आली. पुढे एकेका सर्व्हरवर हजारो लोक येऊ लागले. १९९९ साली डॅन केगेल यांनी एकाच यंत्रानं दहा हजार जोडण्या कशा सांभाळायच्या हा प्रश्न नाव देऊन मांडला. त्याच्या उत्तरात फ्रीबीएसडीत केक्यू आणि लिनक्समध्ये ईपोल आले. या नावांचा मोह धरू नका. सात जोडण्यांना १९८३ची सोय आजही पुरून उरते.

अडचण वेगळ्या ठिकाणी होती. अशा पद्धतीनं लिहिलेला प्रोग्राम वाचायला फार कठीण जायचा. ‘हे आलं की ते कर, ते झालं की हे बोलाव’ अशा तुकड्यांत तो विखुरलेला असायचा आणि गोष्ट कुठून कुठे चालली आहे ते लिहिणाऱ्यालाच महिन्याभरानं कळायचं नाही. सिंक्रोनससारखा सरळ वाचता येणारा आणि तरीही असिंक्रोनस चालणारा कोड लिहायची सोय २०१२ साली सी-शार्पनं असिंक आणि अवेट या दोन शब्दांनी लोकप्रिय केली. पायथॉनमध्ये ग्विडो व्हॅन रॉसम यांच्या पुढाकारानं असिंक-आयओ हे ग्रंथालय २०१४च्या मार्चमध्ये आलं, आणि पुढच्याच वर्षी ते दोन शब्द भाषेत आले. आपल्या महाविद्यालयांत पायथॉन पहिल्या वर्षापासून शिकवतात, म्हणून मी त्यातच बोलतो.

प्रोग्राम जवळून

आपल्या क्लायंटचा गाभा एका छोट्या फंक्शनमध्ये मावतो. त्याला केंद्राचं नाव आणि पत्ता द्यायचा. आत चार पायऱ्या. पहिली, जोडणी उघड आणि ती होईपर्यंत थांब. दुसरी, प्रश्नाची ओळ लिही. तिसरी, उत्तराची एक ओळ वाच आणि ती येईपर्यंत थांब. चौथी, जोडणी नीट बंद कर. जिथे जिथे ‘थांब’ आहे तिथे अवेट हा शब्द येतो. अवेटचा अर्थ असा की मी इथे थांबतोय, तोवर दुसऱ्या कुणाचं काम असेल तर त्याला पुढे जाऊ द्या. सातही केंद्रांसाठी हे फंक्शन एकदमच सुरू करायचं. त्यांच्यामध्ये पाळी लावून देणारा जो असतो त्याला इव्हेंट लूप म्हणतात.

याचा मोठा फायदा म्हणजे एका कामाकडून दुसऱ्याकडे ताबा कुठे जाऊ शकतो ते डोळ्यांना दिसतं. अवेट असेल तिथेच जातो, बाकी कुठेही नाही. हेच काम थ्रेड, म्हणजे एकाच प्रोग्राममधले समांतर चालणारे धागे, वापरूनही होतं, आणि सात केंद्रांना सात थ्रेड लावले तर कुणी नावं ठेवू नयेत. पण थ्रेडमध्ये ताबा कोणत्याही ओळीवर जाऊ शकतो, आणि त्यातून होणारे घोळ शोधताना भलेभले रडकुंडीला येतात.

फायद्याबरोबर जबाबदारीही येते. ताबा आपण सोडला नाही तर कुणालाच मिळत नाही. सातांपैकी एका फंक्शनमध्ये जुन्या सवयीनं साधं ‘स्लीप’, म्हणजे ठराविक वेळ थांबण्याची आज्ञा, लिहिलं, तर तेवढा वेळ सातही केंद्रं गोठतात. असिंक-आयओचं स्वतःचं स्लीप वेगळं आहे, ते वापरायचं. वापरणाऱ्याकडून कीबोर्डवरून काही विचारायला ‘इनपुट’ लिहिलं तरी तेच होतं. तो माणूस चहाला उठून गेला तर सगळी उत्तरं दाराशी ताटकळत राहतात. कीबोर्डचं वाचन वेगळ्या थ्रेडकडे सोपवायचं, त्यासाठी पायथॉनमध्ये २०२०पासून सोपी सोय आहे. आणि अवेट लिहायलाच विसरलात तर फंक्शन धावतच नाही. ‘याची वाट कुणी पाहिलीच नाही’ अशा अर्थाची तंबी पडद्यावर येते. ती तंबी वाचायची सवय लावा. निम्मा वेळ वाचेल.

मराठी उत्तर

आता एक अडचण खास आपली. उत्तर मराठीत येणार आहे. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं. ही पद्धत केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी १९९२ साली बसवली. त्यात काना, वेलांटी, अनुस्वार हीही स्वतंत्र चिन्हं. ‘सांगली’ या शब्दात स, काना, अनुस्वार, ग, ल, वेलांटी अशी सहा चिन्हं आहेत, म्हणजे अठरा बाइट. ‘सातारा’ मोजून पाहा, त्यातही सहा चिन्हं, अठराच बाइट. निदान या हिशोबात तरी दोन्ही जिल्ह्यांत भांडण नाही.

बऱ्याच पुस्तकांत शिकवतात की एका वेळी १०२४ बाइट वाचा आणि त्याचं अक्षरांत रूपांतर करा. इंग्रजीत हे खपून जातं, कारण तिथे एक अक्षर म्हणजे एक बाइट. देवनागरीत १०२४ला तीननं भागा. ३४१ चिन्हं आणि बाकी एक बाइट. तो एक बाइट म्हणजे पुढच्या अक्षराचा तुटलेला तुकडा. प्रोग्राम तिथे अडखळून पडतो, नाहीतर अक्षराच्या जागी प्रश्नचिन्हाचा चौकोन छापतो. उपाय सोपा आहे: आधी पूर्ण ओळ येऊ द्या, मगच तिची अक्षरं करा. पण चाचणी फक्त इंग्रजी शब्दांवर घेतलीत तर ही चूक कधीच सापडणार नाही. मराठी मुलांनी आपल्या प्रोग्रामची चाचणी मराठीत घ्यावी. यात अस्मितेचा प्रश्न नाही, तिथे चुका सापडतात म्हणून.

जे बोलत नाही ते

इथवरचं सगळं चार दिवसांत शिकता येतं. माझ्या आजच्या बोलण्याचं खरं कारण आता सांगतो.

नेटवर्कवर ‘नाही’ दोन प्रकारचं असतं. एक नकार. यंत्र जागं आहे, पण आपल्याला हवा असलेला सर्व्हर तिथे चालू नाही, आणि ते यंत्र तसं कळवतं. तेही तत्काळ. दुसरं मौन. काहीच येत नाही. नकार हे स्पष्ट उत्तर आहे. मौनाचा अर्थ लावावा लागतो. यंत्र बंद असेल, तार तुटली असेल, गर्दी असेल, किंवा उत्तर वाटेत असेल. जोडणी झाल्यावर पलीकडची वीज गेली तर अवस्था आणखी बिकट. टीसीपी आपण होऊन पलीकडच्याची खबरबात घेत नाही. ती सोय मुद्दाम चालू केली तरी लिनक्सवर पहिली चौकशी दोन तासांनी होते. तोवर प्रोग्राम वाट पाहत राहतो. पुराच्या रात्री दोन तासांत काय होतं ते या सभागृहात मी सांगायची गरज नाही.

म्हणून मुदत आपण घालायची. एका केंद्राला पाच सेकंद. आणि ही मुदत संपूर्ण संवादाला घालायची, एकेका वाचनाला वेगळी नाही. एकेका वाचनाला पाच सेकंद दिलेत आणि पलीकडचं आजारी यंत्र दर चार सेकंदांनी एकेक बाइट पाठवत राहिलं, तर मुदत कधीच संपत नाही. सगळ्या चार पायऱ्या मिळून पाच सेकंद, संपला विषय. मघाचे १३९ सेकंद आता पाचांवर आले, आणि सहा केंद्रांची उत्तरं तर दोन सेकंदांतच छापून झाली.

मुदत संपल्यावर काय करायचं, इथे प्रोग्रामरची परीक्षा असते. पायथॉनमध्ये २०२२च्या ऑक्टोबरपासून टास्कग्रुप नावाची चांगली सोय आहे. तिचा नियम असा की गटातलं एक काम अपयशी ठरलं तर बाकीची कामं रद्द होतात. पैशांच्या व्यवहारात हा नियम योग्य आहे. आपल्या कामात तो घातक आहे. कोयनेनं उत्तर दिलं नाही म्हणून हळू चाललेल्या वारणेची चौकशी आपण होऊन बंद करायची? म्हणून प्रत्येक केंद्राचं अपयश त्याच्याच फंक्शनमध्ये झेलायचं आणि त्याचीही एक ओळ करायची.

ती ओळ कशी असावी? काही जण रिकामी जागा सोडतात. काही शून्य छापतात. शून्य फूट पाणी! काही जण त्याहून ‘हुशारी’ करतात, आधीचा आकडा पुन्हा छापतात, म्हणजे तक्ता भरलेला दिसतो. या तिन्हींत शेवटचा प्रकार सर्वांत वाईट. पुराच्या दिवसांत जुने आकडे नवे म्हणून मोबाइलवर कसे फिरतात ते आपण पाहिलेलं आहे. तेच काम आपण प्रोग्रामकडून करून घ्यायचं का? माझ्या मते तक्ता असा हवा. आकडे अर्थातच सरावाचे आहेत.

आयर्विन पूल: ३८ फूट ४ इंच. नोंद सकाळी ७ची.
कण्हेर: विसर्ग बंद. नोंद सकाळी ७ची.
कोयना: उत्तर नाही, ५ सेकंद वाट पाहिली. शेवटची नोंद पहाटे ४ची, ३ तास जुनी.

दोन गोष्टींकडे लक्ष वेधतो. एक, वेळ छापली आहे ती केंद्रानं पातळी मोजली ती, आपल्याकडे उत्तर पोचलं ती नव्हे. मोजणारं यंत्र अडकलं आणि सर्व्हर मात्र चालू राहिला तर पहाटेचा आकडा दहा मिलिसेकंदांत येतो. झटपट आलेलं उत्तर ताजं असतंच असं नाही. दोन, ‘उत्तर नाही’ ही ओळ मुख्य तक्त्यातच आहे. कमांड लाइनवर प्रोग्रामला बोलायला दोन वाटा असतात, एक निकालाची आणि एक तक्रारीची. बहुतेक जण चुकांचे संदेश तक्रारीच्या वाटेनं पाठवतात, आणि एरवी ते बरोबर असतं. पण कुणी निकाल फाइलमध्ये साठवला, की तक्रारी मागे राहतात आणि फाइलमध्ये सहाच केंद्रं उरतात. सातवं कुठे गेलं हे विचारायचं कुणाला सुचत नाही. या कामात मौन हाच निकाल आहे, म्हणून त्याची जागा निकालात.

का, तर पुरात कोणतं केंद्र बंद पडतं याचा विचार करा. सोडतीनं बंद पडत नाही. जिथे पाऊस सर्वांत जास्त तिथली वीज आधी जाते. जिथे पाणी सर्वांत वर चढतं तिथलं यंत्र आधी बुडतं. ज्या भागाची माहिती सर्वांत निकडीची, तोच भाग मुका होण्याची शक्यता सर्वांत जास्त. उत्तर देणाऱ्या केंद्रांचीच सरासरी काढून निष्कर्ष काढाल, तर चित्र नेहमी वास्तवापेक्षा बरं दिसेल. असिंक्रोनस क्लायंटची खरी किंमत बारा सेकंद वाचवण्यात नाही. एका केंद्राच्या मौनामुळे बाकीची सहा झाकली जात नाहीत, आणि सहांच्या गोंगाटात त्या एकाचं मौनही झाकलं जात नाही, यात ती किंमत आहे.

विचारणाऱ्याची रीत

दोन शब्द शिष्टाचाराचे. उत्तर आलं नाही की पुन्हा विचारावं, पण लगेच नाही. दर वेळी थांबण्याचा वेळ वाढवत न्यावा आणि त्यात थोडा अनियमितपणा घालावा. पुराच्या सकाळी हजारो लोक एकाच मिनिटाला तोच आकडा विचारत असतात. सगळ्यांचे प्रोग्राम बरोबर दहा सेकंदांनी एकदम परत आले तर धडधाकट सर्व्हरही कोसळेल. नोंद तासाला होत असेल तर सेकंदाला विचारण्यात हशील नाही. सार्वजनिक सर्व्हर हा सार्वजनिक पाणवठा आहे, तो उपसून टाकण्याचा हक्क कुणाला नाही. ज्या खात्याचा सर्व्हर असेल त्याचे नियम आधी वाचावेत, परवानगी लागत असेल तर रीतसर घ्यावी.

प्रोग्राम संपताना एक आकडा मागे ठेवतो. शून्य म्हणजे सगळं सुरळीत. एका जरी केंद्रानं उत्तर दिलं नसेल तर शून्य ठेवू नका. पहाटे तीनला हा प्रोग्राम माणूस चालवणार नाही, वेळापत्रकावर आपोआप चालेल, आणि त्याच्यामागून धावणारा दुसरा प्रोग्राम तो आकडा बघूनच ठरवील की कुणाला झोपेतून उठवायचं की नाही. वापरणाऱ्यानं मध्येच कंट्रोल-सी दाबलं तर तोवर आलेली उत्तरं छापून, जोडण्या बंद करून बाहेर पडा.

हे सगळं मिळून दीडएकशे ओळींचं काम आहे. त्यासाठी महागडा संगणक लागत नाही, इंटरनेटही लागत नाही. सांगलीत वालचंद महाविद्यालयाच्या आवारात १९४७पासून अभियंते घडत आहेत. साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली सुरू केलेल्या रयत शिक्षण संस्थेचं मुख्यालय आहे, आणि स्वावलंबन हे तिचं ब्रीद. या दोन जिल्ह्यांतल्या मुलांनी नदीबद्दलचे प्रश्न स्वतः विचारायला शिकावं आणि उत्तरं कुठून, किती वाजता आली हे तपासायला शिकावं. तयार ॲप येईल तेव्हा जरूर वापरा. पण ते मौन कसं दाखवतं हे ओळखायचं असेल तर एकदा तरी स्वतः लिहून पाहिलेलं असलं पाहिजे.

विद्यार्थ्यांना माझी विनंती एवढीच. येत्या पावसाळ्याआधी सात सर्व्हर आणि हा एक क्लायंट लिहा. चालला की थांबू नका. एक सर्व्हर बंद करा. दुसऱ्याला जोडणी घेऊन गप्प बसायला लावा. तिसऱ्याला दर चार सेकंदांनी एकेक बाइट पाठवू द्या. चौथ्याकडून कालचा आकडा झटपट पाठवा. मग पडद्यावर जो तक्ता येईल तो संगणकातलं काही न कळणाऱ्या घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला दाखवा आणि विचारा, ‘कोणत्या केंद्राचं काय खरं?’ त्यांना सांगता आलं तर तुमचा प्रोग्राम पूर्ण झाला. नाही सांगता आलं तर कितीही वेगानं चालत असला तरी तो पुन्हा लिहा.